लहानपणीचे संगीतपट मोठेपणी पाहताना: गाणं दुसऱ्यांदा कुठे येतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘द साउंड ऑफ म्युझिक’, ‘मेरी पॉपिन्स’, ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हे लहानपणी जिवापाड आवडलेले चित्रपट आता चाळिशीत पुन्हा पाहावेसे वाटतात, पण आठवणीतला गोडवा नासला तर, अशी धास्तीही वाटते. पाहायचेच तर कुठल्यापासून सुरुवात करावी, कशा पद्धतीने पाहावेत, एकट्याने की मुलांना घेऊन, हेही तुम्ही विचारलं आहे.

पाहा, नक्की पाहा. मी आयुष्याचा मोठा काळ संकलनाच्या टेबलावर गाणी कापण्या-जोडण्यात घालवला आणि पुढे चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेऊ लागलो. ‘हा तर मुलांचा सिनेमा’ असं म्हणत बसलेली मोठी माणसं मध्येच गप्प होतात, डोळे पुसतात, हे मी या वर्गांत नेहमी पाहत आलो आहे. त्याचं कारण आठवणींच्या ओलाव्यात जितकं आहे, त्याहून जास्त या चित्रपटांच्या बांधणीत आहे. ही बांधणी समजली की धास्तीही बरीचशी जाईल, म्हणून आधी तिच्याविषयी सांगतो.

या चित्रपटांत महत्त्वाचं गाणं बहुधा एकदाच येत नाही. पहिल्यांदा ते येतं तेव्हा खेळ असतो, गंमत असते, चाल कानात बसते. मुलं तिथेच अडकतात आणि ते योग्यच आहे. तीच चाल तासा-दीड तासाने परत येते. कधी पूर्ण गाणं, कधी दोन ओळी, कधी नुसती वाद्यवृंदात. तेवढ्या वेळात माणसं बदललेली असतात. हा दुसरा फेरा मुलांच्या नजरेतून निसटतो, कारण काय गमावलं गेलं ते त्यांना ठाऊक नसतं. तुम्हाला आता ठाऊक आहे. म्हणून माझा एकच आग्रह आहे: पुन्हा पाहताना गाणं दुसऱ्यांदा कुठे येतं, कुणाच्या तोंडी येतं आणि तेव्हा कोण ऐकतंय, एवढंच धरून बसा. बाकीचं आपसूक उलगडतं.

‘द साउंड ऑफ म्युझिक’ (1965) घ्या. शीर्षकगीत पहिल्यांदा येतं ते डोंगरमाथ्यावर, मारिया (मठातली उमेदवार जोगीण, पुढे विधुर कॅप्टन फॉन ट्रॅपच्या सात मुलांना सांभाळायला येते ती) एकटी, हेलिकॉप्टरमधून टिपलेलं दृश्य. ते सगळ्यांच्या लक्षात असतं. दुसऱ्यांदा ते येतं ते दिवाणखान्यात. तळ्याकाठच्या कडाक्याच्या भांडणानंतर कॅप्टन फॉन ट्रॅपने मारियाला नुकतंच कामावरून काढलेलं आहे, ती नखशिखांत भिजलेली आहे, आणि आतून गाण्याचा आवाज येतो. कॅप्टन जिच्याशी लग्नाचा विचार करतोय त्या बॅरोनेससमोर मुलं तेच गाणं गात असतात. कॅप्टन दारात थबकतो आणि मग स्वतः गाऊ लागतो.

हा प्रसंग समजायचा असेल तर त्याच्या बऱ्याच आधी घरकाम सांभाळणाऱ्या फ्राउ श्मिट मारियाला जे सांगतात ते नीट ऐका. पत्नी गेल्यापासून कॅप्टन हे घर जहाजासारखं चालवतो. गाणं बंद, हसणं बंद, तिची आठवण करून देणारं काहीही नको, मुलंसुद्धा. लहानपणी हे वाक्य कानावरून गेलेलं असतं, कारण तेव्हा कॅप्टन म्हणजे नुसता शिट्टी वाजवणारा कडक बाप. आता कळतं की या माणसाला स्वतःच्या मुलांच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. दिवाणखान्यात तो दोन ओळी गातो तेव्हा दुःखावर धरलेली मूठ सैल होत असते. रॉबर्ट वाइज दिग्दर्शक होण्याआधी संकलक होता, ‘सिटिझन केन’चं संकलन त्याचं. त्यामुळे या प्रसंगात गाणाऱ्याइतकाच ऐकणारा महत्त्वाचा आहे, हे त्याला पक्कं माहीत आहे. कुठला चेहरा किती वेळ पडद्यावर राहतो ते पाहाल तर ती शिस्त जाणवेल.

‘एडलवाइस’ या गाण्याचंही तसंच. घरात कॅप्टन ते गिटारवर हळुवार म्हणतो, मोठी मुलगी साथ देते. ऑस्ट्रियावर जर्मनीने ताबा मिळवल्यानंतरच्या संगीत महोत्सवात तो तेच गाणं म्हणायला उभा राहतो. त्याचा आवाज मध्येच अडखळतो, मारिया पुढे येते, मुलं येतात, मग सगळं सभागृह गाऊ लागतं. घरातलं गाणं देशाचा निरोप होऊन जातं. पुष्कळांना ते ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत वाटतं. प्रत्यक्षात ते रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांनी 1959 च्या रंगमंचावरील प्रयोगासाठी रचलं. हॅमरस्टीन तेव्हा कर्करोगाने आजारी होता, ऑगस्ट 1960 मध्ये तो गेला, आणि ‘एडलवाइस’ हे त्याने लिहिलेलं शेवटचं गीत ठरलं. एवढं माहीत असलं की त्यातला साधेपणा वेगळा ऐकू येतो. (पडद्यावर कॅप्टनच्या भूमिकेत ख्रिस्टोफर प्लमर असला तरी गाण्यातला आवाज बहुतांशी बिल ली याचा आहे. त्याने काही बिघडत नाही. पार्श्वगायन आपल्याला नवं नाही.)

मुलांचं निरोपाचं गाणंही दोनदा येतं. मेजवानीत ते झोपायला जाण्याचा लाडिक खेळ असतं. महोत्सवात तेच गात गात एकेक मूल रंगमंचावरून नाहीसं होतं, कारण ते खरोखर पळून जात असतात. शब्द जवळजवळ तेच आहेत, पण या वेळी तुमचा जीव मुठीत असतो. आणि थोरली मुलगी लीझल आणि तार पोचवणारा पोरगा रॉल्फ यांचं बागेतल्या मंडपातलं प्रेमगीत! त्यात तो तिला सांभाळायचं वचन देतो. पुढे मठाच्या दफनभूमीत तोच मुलगा नाझी गणवेशात, हातात पिस्तूल घेऊन उभा असतो. एक किशोर विचारसरणीच्या हाती कसा लागतो, हे या चित्रपटाने भाषण न देता दाखवलं आहे आणि लहानपणी ते आपल्याला दिसलेलंच नसतं.

जाता जाता बॅरोनेसकडेही पाहा. लहानपणी ती खलनायिका वाटते. रंगमंचावर तिच्या वाट्याला गाणी होती, चित्रपटात ती गाळली गेली. त्यामुळे गाण्याने भरत चाललेल्या त्या घरात ती गाण्याशिवाय उरते. लग्न मोडायची वेळ येते तेव्हा कॅप्टन शब्द शोधत असतो आणि तीच पुढाकार घेऊन, मान राखून बाजूला होते. एलिनॉर पार्करचा तो अभिनय माझ्या मते चित्रपटातल्या सर्वोत्तम कामांपैकी एक आहे.

‘मेरी पॉपिन्स’ (1964) तर सरळसरळ बापाचा चित्रपट आहे. लहानपणी वाटतं की जादूची आया आली, चित्रातल्या जगात नेलं, छपरांवर नाच झाला, संपलं. आता पाहाल तेव्हा लक्षात येईल की मुलांना वाचवायची फारशी गरजच नव्हती. मोडकळीला आलेला आहे तो मिस्टर बँक्स. 1910 चं लंडन, बँकेत नोकरी, घरी येण्याची वेळ ठरलेली, स्वतःच्या शिस्तीचं गुणगान करणारं गाणंही ठरलेलं.

इथे मागोवा घ्यायचा तो दोन पेन्सचा. मेरी पॉपिन्स मुलांना झोपवताना सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर बसून पक्ष्यांसाठी दाणे विकणाऱ्या म्हातारीचं गाणं म्हणते. एका पिशवीचे दोन पेन्स. वॉल्ट डिस्नेचं हे सर्वांत लाडकं गाणं होतं. म्हातारीच्या भूमिकेत जेन डार्वेल आहे आणि तो तिचा शेवटचा चित्रपट. दुसऱ्या दिवशी बँकेत तेच दोन पेन्स गुंतवावेत म्हणून संचालक मंडळी लहानग्या मायकेलपुढे भलंथोरलं गाणं गातात: रेल्वे, धरणं, जहाजं, सगळं तुझ्या दोन पेन्समधून! नाणं तेच, त्याच्याविषयी दोन गाणी, दोन जगं. मायकेल आपले पैसे परत मागतो, गैरसमज पसरतो, ठेवीदारांची झुंबड उडते आणि बाप अडचणीत येतो.

मग धुराडी साफ करणारा बर्ट मुलांना समजावतो की तुमच्यासाठी कुणी ना कुणी आहे, पण तुमच्या वडिलांसाठी कोण आहे? पिंजरे सगळ्या आकारांचे असतात, काही बँकेच्या आकाराचेही. तीन मिनिटांचाही नसेल हा प्रसंग. मी वर्गात तो लावतो तेव्हा ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत ती माणसं हमखास अस्वस्थ होतात. पुढे बर्ट खुद्द बँक्सशी बोलतो, गातो: मुलं मोठी होऊन निघून जातील आणि तुम्ही बँकेतच असाल. हे तो थेट रागावून सांगत नाही. मेरी पॉपिन्सच्या साखरेच्या गाण्याची आनंदी चाल घेऊन सांगतो, म्हणूनच ते इतकं लागतं. त्यानंतर मायकेल येऊन ते दोन पेन्स बापाच्या हातात ठेवतो.

आणि आता तो भाग, ज्यासाठी मी हा चित्रपट कुणालाही पुन्हा पाहायला सांगेन. बँक्सला रात्री बँकेत बोलावलेलं असतं, नोकरी जाणार हे त्याला ठाऊक असतं. तो एकटा रिकाम्या लंडनमधून चालत निघतो. एक शब्द नाही. पीटर एलेनशॉने रंगवलेल्या पार्श्वभूमी, निळसर अंधार, आणि वाद्यवृंदात म्हातारीच्या गाण्याची चाल. तो कॅथीड्रलच्या पायऱ्यांशी थांबतो. म्हातारी तिथे नाही. पहिल्यांदा ते गाणं मुलांना झोपवायला होतं. आता तीच चाल या माणसाला जागं करते. मुलं या दृश्यात कंटाळतात, मोठ्यांना श्वास घ्यायचं भान राहत नाही. बँक्स झालेल्या डेव्हिड टॉमलिन्सनने त्या चालण्यात, खांद्यांत, हॅटखालच्या चेहऱ्यात जे आणलंय ते कुठल्याही गंभीर नाट्यपटात शोभेल. शेवटी पतंगाचं गाणं होतं, बाप मुलांबरोबर पतंग उडवतो आणि मेरी पॉपिन्सचा निरोप घ्यायला कुणी येत नाही. छत्रीच्या मुठीतला पोपट तक्रार करतो, की यांना तुझ्यापेक्षा बापाचंच जास्त. तिचं उत्तर असं, की असायला हवं तसंच आहे हे. पण तिचा चेहरा बघा. जूली अँड्र्यूजचा हा पहिला चित्रपट आणि त्यासाठी तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्या एका क्षणासाठीही मी ते दिलं असतं.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (1939) या नियमाला अपवाद आहे, आणि तो अपवादच बोलका आहे. इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचं डोरोथीचं गाणं सुरुवातीलाच येतं, तपकिरी छटेतल्या कॅन्ससमध्ये. ते कशातून फुटतं बघा. ती काका-मावशीला काहीतरी सांगायला धावत येते, पण अंडी उबवायचं यंत्र बिघडलेलं असतं आणि ती दोघं पिल्लं मोजण्यात गुंतलेली असतात. ती वाईट माणसं नाहीत. हातात काम आहे, वेळ नाही. लहानपणी आपण डोरोथीच्या बाजूने असतो. आता त्या दोघांच्या ओढलेल्या चेहऱ्यांकडे लक्ष जातं आणि आपण तसंच कितीदा वागलो तेही आठवतं.

हॅरॉल्ड आर्लेन आणि यिप हार्बर्ग यांचं हे गाणं, चाचणी खेळानंतर, चित्रपटाची गती मंदावते म्हणून काढून टाकायचं घाटत होतं. ते वाचलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. पण त्याचा दुसरा फेरा मात्र वाचला नाही. चेटकिणीच्या किल्ल्यात कोंडलेली डोरोथी रडत रडत तेच गाणं पुन्हा म्हणते, असा भाग चित्रित झाला होता. तो गाळला गेला, आज फक्त ध्वनिमुद्रण उरलं आहे. त्यामुळे चित्रपटात ज्या देशासाठी ती झुरते, त्या देशात पोहोचल्यावर ती ते गाणं एकदाही म्हणत नाही. संकलक म्हणून मला हा कट बरोबरच वाटतो, पण ते ध्वनिमुद्रण मिळालं तर चित्रपट पाहून झाल्यावर जरूर ऐका.

डोरोथी झालेल्या जूडी गार्लंडचाच ‘मीट मी इन सेंट लुईस’ (1944) तुमच्या यादीत नाही, तो घाला. वडिलांच्या बदलीमुळे घर सोडून न्यूयॉर्कला जायचं ठरतं. नाताळच्या आदल्या रात्री थोरली बहीण धाकटीला समजावणारं गाणं म्हणते. ह्यू मार्टिनने आधी लिहिलेले शब्द इतके खिन्न होते की लहान मुलीसमोर हे गायला नको, असं गार्लंडने सांगितलं आणि ते बदलले गेले. तरीही उरलेलं गाणं दुखरंच आहे: कसंबसं निभावून नेऊ, असं त्यात म्हटलं आहे. 1957 मध्ये फ्रँक सिनात्रासाठी ती ओळ आणखी उजळ केली गेली आणि आज सगळीकडे ऐकू येतं ते बहुधा तेच रूप. मूळ गाणं ऐकल्यावर धाकटी बाहेर पळत जाऊन बर्फाची सगळी माणसं फोडून टाकते, आणि वडील खिडकीतून ते पाहतात. इथेही ऐकणारा आणि पाहणारा बापच आहे. युद्धकाळातल्या, घरचं कुणी ना कुणी परदेशी लढत असलेल्या प्रेक्षकांनी हे पाहिलं तेव्हा काय झालं असेल, याचा विचार करा.

‘फिडलर ऑन द रूफ’ (1971) लहानपणी पाहिला असेल तर त्यातलं फारसं काही तुमच्या हाती लागलेलं नसेल, आणि म्हणून तोच आता सर्वांत जास्त देईल. तेव्ये दूधवाला, परंपरेच्या गाण्याने सुरुवात, तीन मुलींची तीन लग्नं. प्रत्येक वेळी तो स्वतःशी वाद घालतो, ‘एका बाजूने असं, दुसऱ्या बाजूने तसं’. त्या क्षणी दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन त्याला त्या जोडप्यापासून एकदम दूर नेऊन ठेवतो. बाप आणि मुलगी यांच्यात रानभर अंतर. पहिल्या दोघींच्या वेळी तो परत येतो. तिसरी ख्रिस्ती मुलाशी लग्न करते तेव्हा त्याच्यापाशी दुसरी बाजू उरत नाही. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला ‘तुझं माझ्यावर प्रेम आहे का?’ विचारणारं युगुलगीत तर लहान वयात निव्वळ विनोदी वाटतं. ते जोडीदाराबरोबर बसून पाहा.

आता नासण्याच्या धास्तीविषयी. काही गोष्टी खटकतील, आणि खटकायलाच हव्यात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला सांभाळायला शहाणा पुरुष हवा, हा लीझल-रॉल्फच्या गाण्यातला सूर आज कानाला बोचतो. ‘मेरी पॉपिन्स’मध्ये आफ्रिकी लोकांसाठी वापरलेल्या एका अवमानकारक शब्दामुळे ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने 2024 मध्ये त्याचं प्रमाणपत्र बदलून पालकांच्या मार्गदर्शनाचा शेरा दिला. ‘ऑलिव्हर!’मध्ये (1968) मारहाण करणाऱ्या पुरुषाला न सोडण्याचं नॅन्सीचं गाणं लहानपणी प्रेमगीत वाटलं असेल, आता अंगावर येईल. पण चित्रपट तिचं पुढे काय होतं ते लपवत नाही, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. काही चित्रपट मात्र खरोखरच टिकत नाहीत. ‘चिटी चिटी बँग बँग’ (1968) मला दुसऱ्या अर्ध्यात पसरट वाटतो. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पाहण्याच्या पद्धतीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही ‘साउंड ऑफ म्युझिक’ जुन्या चौकोनी टीव्हीवर पाहिला असेल तर तो पुरता पाहिलेलाच नाही. तो टॉड-एओ पद्धतीने 70 मिमी पडद्यासाठी चित्रित झाला, रुंदी उंचीच्या 2.2 पट. जुना टीव्ही 4:3 चा. तो पडदा भरून टाकायला चित्राच्या रुंदीचा सुमारे दोन-पंचमांश भाग कापावा लागे. सात मुलं, कॅप्टन आणि मारिया एकाच चौकटीत उभी असताना कडेची मुलं गायब व्हायची. म्हणजे कुणाच्या गाण्यावर कुणाचा चेहरा काय बोलतो, हे नेमकं कापलं जायचं. त्यामुळे मूळ रुंदीची प्रत शोधा. उलट 1939 आणि 1944 चे चित्रपट मुळातच जवळजवळ चौकोनी आहेत. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील ते येऊ द्या, चित्र ताणू नका. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. ‘साउंड ऑफ म्युझिक’ आणि ‘फिडलर’ दोन्ही तीन तासांच्या आसपासचे आहेत आणि दोन्हींना मध्यंतर आहे. एकात मारिया घर सोडून गेल्यावर, दुसऱ्यात लग्नघरावर हल्ला झाल्यावर. तिथे तुम्हीही थांबा. ती शांतता जाणीवपूर्वक ठेवलेली आहे.

पहिल्यांदा एकट्याने पाहा, असं मी सांगेन. मुलं बरोबर असली की आपण चित्रपट पाहत नाही, मुलांना तो आवडतोय का ते पाहतो. एकदा तुमचं तुम्ही पाहून घेतलंत की दुसऱ्या खेपेला मुलांना बसवा आणि मध्ये काहीही समजावून सांगू नका. बँक्सच्या चालण्यात त्यांनी चुळबुळ केली तर करू द्या. लांबी आणि वेळ पाहता सुरुवात ‘मेरी पॉपिन्स’पासून करा. नंतर ‘साउंड ऑफ म्युझिक’ मध्यंतरासह एका बैठकीत, आणि ‘फिडलर’ सर्वांत शेवटी, जेव्हा दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नसेल तेव्हा.